शेजारची जागा

मुलचेऱ्याच्या आठवडी बाजारात मी मासोळी घेतो त्या बाईंचं नाव मला अजून ठाऊक नाही. आवाज मात्र बाजाराबाहेरूनच ओळखू येतो. "तिकडे काऊन जाता भाऊ? ताजी मासोळी इथी हाये!" तिकडे म्हणजे शेजारी बसणाऱ्या बंगाली दादाकडे. बाईंकडे तळ्यातली बारीक मासोळी, दादाकडे मोठा रोहू. दिवसभर दोघं एकमेकांचा भाव पाडतात आणि आमची चंगळ होते.

बाजार उठताना मात्र ते उरलेला माल बदलून घेतात. दादाच्या घरी बारीक मासोळी आवडते, बाईंच्या घरी रोहूचा रस्सा. "फसला बिचारा," बाई मला हळूच सांगतात. बाई फसल्या असं दादाही सांगतो.

मध्यंतरी एकदा दादा आलाच नाही. बाईंनी लगेच भाव चढवला. मी कुरकुरलो, तर म्हणाल्या, "आज माह्या एकटीचाच बाजार हाये. घ्याचं तं घ्या." संध्याकाळी मात्र उरलेल्या टोपलीकडे बघून त्यांचं तोंड उतरलं. "रोज हेच खाऊन राह्यलो आमी. घरी नेऊन करू काय?"

पुढच्या बाजाराला एक कांदेवाला दादाच्या जागेवर बसू लागला. बाईंनी त्याला उठवलं आणि तिथे आपलं पोतं अंथरलं. "इथी मासोळीवाला बसते!"

दादा आला, पोत्यावर टेकला. त्यानं टोपलीवरचं फडकं काढलं न काढलं तोच बाई माझ्याकडे वळून ओरडल्या, "तिकडे काऊन जाता भाऊ? त्याच्याहून सस्ती देतो!"