डाळ शिजली तर वाडी राहील

हवामानाच्या बातम्या वाचून वाचून मी घरात इतकं रडगाणं लावलं होतं, की शेवटी नवऱ्यानेच स्कूटरची किल्ली हातात ठेवली. "भुईगावला जाऊन ये. रीनाकडे आज निकाल आहे म्हणालीस ना?"

रीना माझी ऑफिसातली मैत्रीण. तिच्या सासरच्या वाडीत बावखल होतं, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं तळं. ते पाणी जमिनीत मुरतं आणि समुद्राचा खारेपणा विहिरीपासून लांब ठेवतं. घरात नळ आला तेव्हा तिच्या सासऱ्यांनी, पास्कूकाकांनी, हे बावखल बांधकामाचं डेब्रिज टाकून बुजवलं आणि वर गाड्या लावल्या. विहीर खारट झाली, केळी पिवळी पडली. चूक उमजल्यावर घरच्यांनी दोन उन्हाळे खपून ते पुन्हा खणलं. पण खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून काकांच्या मुलांची अट होती: यंदाच्या मे महिन्यात विहिरीच्या पाण्यात डाळ शिजली नाही, तर वाडी विकायची.

आमच्या आचोळ्याहून उड्डाणपूल ओलांडून पश्चिमेला यायचं आणि गासवरून भुईगाव गाठायचं. ऊन चढायच्या आत निघा. गल्ल्या अरुंद आहेत, स्कूटरच बरी. वाटेत सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, दिसली तर सोडू नका, मी पाव किलो एकटीने संपवली.

अंगणात चूल पेटलेली आणि काका पातेल्याभोवती घिरट्या घालत होते.

"बाबा, सारखं झाकण उघडू नका!" रीना ओरडली.

"बुजवलं मीच ना? मग बघू दे मलाच."

तासाभराने त्यांनी डाळीचा दाणा बोटांत दाबला. पार पीठ झालं.

"शिजली! पानी गोड झालं!" ते इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या वाडीतली माणसं धावत आली. मला तर रडूच फुटलं. "तू कशाला रडतेस, तुझी वाडी आहे का?" म्हणत रीनाही डोळे पुसत होती.

जेवताना माझी जित्याची खोड आडवी आलीच. "पण काका, समुद्र वाढतच राहिला तर?"

"तर अजून खनू," भातावर डाळ वाढत ते म्हणाले. "बुजवायचं डोकं आमचंच होतं, आता खनायचं पन आमचंच."

घरी परतले. भीती गेली असं सांगणार नाही, बातम्या त्याच आहेत. पण माणसांनी बिघडवलेलं माणसांनीच दुरुस्त केलं, आणि ते मी ताटात दोनदा वाढून घेतलं. असा आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

काकांची डाळ खाऊन शेजाऱ्यांनीही आपलं बुजवलेलं बावखल खणायला काढलंय. माणसं कमी पडताहेत. येत्या शनिवारी आमच्या बिल्डिंगमधून आम्ही सात जण निघालोय. येणार असाल तर जुने कपडे घालून या.