आत्याचा ‘स’

कर्वेनगरहून आत्याच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. “सुलभाताई गेल्या हो... झोपेतच.” त्याला आता पाच आठवडे झाले. रडून झालंय. हल्ली तिची आठवण आली की आधी हसू येतं, आणि बहुतेक वेळा त्याला कारण असते तिची कवळी.

आत्या शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यावर ती अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करायला लागली. आवाज नको म्हणून पंखा बंद, खिडकी बंद. घाम पुसत रोज दोन तास. तेव्हा तिला अर्धी कवळी होती, शेजारच्या दातांना तारेनं अडकवलेली. त्यावर तिचं छान चाललं होतं. मग ते आधाराचे दातही गेले आणि वर-खाली पूर्ण कवळी आली. वरची टाळ्याला घट्ट बसली. खालची मात्र बोलताना हलायची आणि ‘स’ निसटून ‘श’ व्हायचा. तिचं वाचन ऐकून नववीतल्या रेवतीनं फोन केला, “बाई, राणीच्या गळ्यात मोत्यांचा सर होता की शर?”

“बाण कशाला असेल गं गळ्यात?” आत्या म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिनं पुस्तक मिटलं. हळूहळू बोलणंही कमी झालं. मी फोन केला की नुसतं “हं”... माझ्या आत्याचं “हं”! मला ते सोसवेना. मी तिला नारायण पेठेत दातांच्या डॉक्टरांकडे नेलं.

“आजी, खालच्या जबड्यात दोन छोटे स्क्रू बसवू,” डॉक्टर म्हणाल्या. “त्यांवर कवळी बटणासारखी बसेल. हलणार नाही, आणि धुवायला काढताही येईल.”

“आजी घरी. इथे बाई म्हणा. आणि एकाहत्तराव्या वर्षी हे करून मी बोलणार किती दिवस?”

“ते तुम्हीच सांगा, बाई.”

आत्यानं बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, “ती मुलगी नववीत आहे. बारावीपर्यंत तरी पोचवायला हवं.”

स्क्रू हाडात पक्के व्हायला काही महिने गेले. कवळी बसवली त्या दिवशी रिक्षात बसल्या बसल्या तिनं सुरू केलं, “सोमवार, शनिवार, सदाशिव, शुक्रवार...” रिक्षावाल्यानं वळून विचारलं, “नक्की कुठल्या पेठेत सोडू?”

“कर्वेनगर. पेठा मी नुसत्या म्हणून बघतेय.”

तिघंही हसलो. घरी आल्यावर तिनं आधी वाटीभर चिवडा खाल्ला, मग मोबाइल उघडला. पुढची तीन वर्षं त्या बंद खिडकीच्या खोलीतून तिचा स्वच्छ, ठसठशीत आवाज येत राहिला.

ती गेली तेव्हा बारावीच्या पुस्तकातले तीन धडे उरले होते. मागच्या रविवारी रेवती आली. “ताई, तुम्ही वाचाल?” मी आत्याच्या खुर्चीत बसले आणि अख्खं पान वाचलं. रेवती शांतपणे ऐकत होती.

“बरं वाचता,” ती म्हणाली, “पण फार घाई करता. बाईंना कुठं जायचं नसायचं.”

मी पंखा बंद केला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.