ची, पण कोणाची?

छताला रोलर मारावा तर मीच, अख्ख्या मुलुंडात दुसरा नाही. मधले पाच महिने मात्र माझा शर्ट बायको घालायची. म्हणजे मला घालून द्यायची, कारण उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता.

डॉक्टर म्हणाला, खांदा धरलाय, सुटायला वेळ लागेल. रोज भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं भिंतीवरून चालवत चालवत वर न्यायची. मी म्हटलं, "डॉक्टर, मी रंगारी आहे. भिंतीला बोटं लावली की गिऱ्हाईक बोंब मारतं." तो हसला नाही. मीच हसलो, आणि हसताना खांदा दुखला. व्यायाम मी दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी भिंत होती, बोटंही होती, मी चहाला गेलो होतो.

आमचा ठेकेदार गाववाला, कणकवलीकडचा. वीस-बावीस वर्षं मी त्याच्याकडेच आहे. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर एका जागी एवढा टिकलो तो इथेच. खांदा धरल्यावर त्याने छतं दुसऱ्यांना दिली आणि मला दारं, पाइप, ग्रिलं. रंगाऱ्यांमध्ये ग्रिल मारणारा म्हणजे लग्नात पाणी वाटणारा. असतो, पण फोटोत नसतो. मी कोणाला काही बोललो नाही. बायकोला बोललो, ती म्हणाली, "ग्रिल तर ग्रिल, घरात बसून डोकं तरी खात नाही."

मग एक दिवस ठेकेदार म्हणाला, "गणपतीच्या आधी एक जागा हा, घाटकोपराक. दोन बेडरूम आणि हॉल. हात वर गेलो तर छतां तुझी. नाय तर ह्याच्यापुढे तू ग्रिलाच मार. तुझी वाट बघून बघून मी म्हातारो झालंय."

गणपतीला तीन महिने होते. हात वर करून बघितला, तो कानापर्यंतही गेला नाही.

तोपर्यंत त्याने मला एका बागेचं रेलिंग दिलं. कमरेएवढं, म्हणजे माझ्या लायकीचं. ऊन व्हायच्या आत काम उरकावं म्हणून मी सकाळी सहाला जायचो आणि डाव्या हाताने ब्रश मारायचो. समोर बागेत दहा-बारा म्हातारे-म्हाताऱ्या उभे राहून हवेत हात फिरवत असायचे. इतके हळू, की मला वाटलं न दिसणाऱ्या भिंतीला रंग मारतायत. आमच्यात कोणी त्या स्पीडने रोलर फिरवला तर दुपारच्या जेवणाआधी घरी पाठवतील.

शिकवणाऱ्या बाई पोस्टातून रिटायर झालेल्या, सत्तरीच्या आसपास, पाठ माझ्यापेक्षा सरळ. तीन दिवस त्यांनी मला बघितलं. चौथ्या दिवशी रेलिंगपाशी आल्या.

"अहो, उजव्या हाताला काय झालं?"

"रजेवर आहे."

"मग या इकडे. चीगाँग करा आमच्याबरोबर."

मी ऐकलं ची गँग. म्हटलं, "कोणाची गँग?"

"गँग नाही हो, गाँग. चीगाँग. चिनी लोकांचा व्यायाम आहे. ची म्हणजे अंगातली शक्ती. आपण प्राण म्हणतो ना, तसं."

"ते ठीक आहे, पण कोणाची?"

"काय कोणाची?"

"ची. नुसती ची कशी असेल? मावशीची, काकूची, कोणाची तरी पाहिजे ना."

मागून बनियनवरचे एक काका ओरडले, "तुमची हो, तुमची! या आता, आमचे हात दुखायला लागले वर धरून."

सगळे हसले. मी ब्रश डब्यावर ठेवला आणि गेलो. जोक मी मुद्दाम केला असं त्यांना वाटलं. मी खरंच विचारत होतो.

आठ प्रकार असतात. त्यातला पहिलाच, दोन्ही हात वर नेऊन आकाश उचलायचं. माझा डावा आकाशाला लागला, उजवा छातीपाशीच राहिला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "ट्रॅफिक हवालदार दिसताय." बाई म्हणाल्या, दुखेल तिथे थांबा, ओढू नका, श्वास सोडा. मला थांबणं जमत नाही. मी आठही प्रकार धडाधड उरकले आणि बघतो तर बाकीचे अजून दुसऱ्यावर. मी म्हटलं, "बाई, मी पहिला आलो."

"शर्यत नव्हती," बाई म्हणाल्या.

आठवडाभर असंच चाललं. ते हळू, मी सुसाट, खांदा होता तिथेच. मग एका सकाळी रेलिंगवर दुसरा हात मारताना माझ्याच डोक्यात आलं. आमच्यात रंगाच्या थरालाही हातच म्हणतात. पहिला हात, दुसरा हात. पहिला ओला असताना दुसरा मारला तर दोन्ही पोपडे होऊन निघतात, हे मी नवीन पोरांना शिवी देऊन शिकवतो. आणि इथे बागेत मी काय करत होतो? पहिला श्वास सुकायच्या आत दुसरा. बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मी आठवडाभर वेगळं काय सांगतेय?"

पण मला ते रंगातच समजलं, त्याला मी काय करू.

मग मी हळू करायला लागलो. हात वर नेताना श्वास घ्यायचा, जिथे अडेल तिथे थांबायचं, श्वास सोडायचा, खाली आणायचा. एक प्रकार असा की नुसतं उभं राहायचं, गुडघे थोडे वाकवून, हात पुढे गोल, जणू झाड मिठीत धरलंय. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत पाय लटलट कापायला लागले. बनियनवाले काका म्हणाले, "झाड कापतंय की तुम्ही?" महिन्याभराने दहा मिनिटं उभा राहू लागलो. त्या दहा मिनिटांत डोक्यात पहिल्यांदा ठेकेदार यायचा, मग ग्रिल यायचं, मग कोणीच येत नव्हतं. मला आधी वाटलं, झोप लागली. पण मी उभा होतो.

रेलिंग संपलं तरी मी बागेत जात राहिलो. दुसऱ्या महिन्यात बायको म्हणाली, "अहो, आज नळाला पाणी नव्हतं तरी तुम्ही ओरडला नाहीत. ताप आहे का?" ताप नव्हता. झोप चांगली लागत होती, कुशीवर वळताना जाग येत नव्हती. पाठीचा कणा मोकळा वाटत होता. खांदा रोज थोडा थोडा, बोटभर, वर जात होता. हनुवटी, मग कान, मग डोक्याची टाळू. शर्ट एक दिवस मीच घातला. बटणं वरखाली लावली, पण घातला.

डॉक्टरला दाखवलं तर तो म्हणाला, धरलेला खांदा बऱ्याचदा आपोआपही सुटतो. असेल. मी काही शिकलेला नाही, चीने सुटला की वेळेने सुटला मला कळत नाही. एवढं कळतं की पाच महिने मी त्या हातावर चिडलेला होतो, आणि चिडणं आधी गेलं, दुखणं नंतर.

गणपतीच्या पंधरा दिवस आधी ठेकेदाराने विचारलं, "काय रे, हात वर जाता काय?" मी दोन्ही हातांनी आकाश उचलून दाखवलं. तो म्हणाला, "तमाशा नको, रोलर धर."

घाटकोपरची जागा एका रिटायर्ड जोडप्याची. हॉलचं छत मी पहिल्या दिवशी घेतलं. घोड्यावर चढलो, म्हणजे आमचं ते लाकडी स्टूल, त्याला घोडाच म्हणतात. हात वर गेला. थोडा ओढत होता, मी थांबलो, श्वास सोडला, परत गेला. पहिला हात मारून सुकू दिला, दुसरा मारला. संध्याकाळी ठेकेदार आला, मान वर करून एक चक्कर मारली आणि म्हणाला, "उद्या बेडरूम घे." त्याच्या तोंडून याच्यापेक्षा जास्त कौतुक वीस वर्षांत कोणी ऐकलेलं नाही.

तो गेल्यावर मला राहवेना. घरातल्या काकू दारात उभ्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. पाच महिने, शर्ट, बाग, ची म्हणजे काय, श्वास कसा सुकू द्यायचा, रंगाऱ्याने रोज झाड मिठीत का धरायला पाहिजे. म्हटलं, "काकू, तुम्ही पण करा. मन एकदम शांत होतं, काही चुकतच नाही माणसाचं."

काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग वर बोट दाखवलं.

"पंखा झाकला नव्हतात तुम्ही. पात्यांवर सगळे थेंब पडलेत. ते आधी पुसा, मग शांत व्हा."