मिस्त्रीनं बंद केलेला आवाज

२०१८ साल, मी एकसष्ट वर्षांचा. त्या साली मिस्त्रीनं वडूजच्या भर बाजारात माझ्या मुस्काडीत दिली. मी एवढंच म्हणालो होतो, "अँप म्हंजे अँप. त्यात क्लास कसला रं?" अँप म्हणजे आवाज मोठा करणारं मशीन. त्याचा ताप तो तळहात ठेवून बघायचा आणि त्याच तळहातानं माणसं हाणायचा. गिऱ्हाईक असो, सोयरा असो. गडी कवठे महांकाळचा, दुकान वडूजला. मी उंब्रजचा, माझ्या टेम्पोवरचा सगळा साउंड त्याच्याच हातचा.

मी चौथी नापास. पण क्लास मला पक्के समजले, कारण त्यानं ते मारून शिकवले. "ए क्लास म्हंजे तालमीतला येडा पैलवान. जोडीदार असू दे नसू दे, दिवसभर पवित्रा घेऊन उभा. आवाज लय गोड, पण निम्मं बळ घामातच."

बी क्लास सांगायला त्यानं दोघांनी ओढायची करवत ओंडक्यावर लावली. एक टोक माझ्या हातात. "तू सोडल्याबगर मी धरायचं न्हाई." मी सोडली, त्यानं हिसकली, माझा अंगठा फाटला. "ह्यो झटका म्हंजे आवाजातली खरखर. आता तू सोडायच्या आधीच मी धरतो. ह्यो एबी." रक्त गळत असताना उरलेलं लाकूड माझ्याकडून कापून घेतलं.

"आन डी?"

"डी म्हंजे नुसतं चालू-बंद, चालू-बंद, डोळ्याला दिसत न्हाई इतकं झटपट. ताप कमी, वजन कमी. तू डीच घे."

"हलकं मशीन मला नको."

"मग एबीला वारा लागू दे. कोंडलंस तर जळंल."

गणपती विसर्जनाला आमच्यात सामना असतो. दोन मंडळांचे टेम्पो तोंडाला तोंड लावायचे. ज्याचा आवाज आधी बंद, त्यानं सगळ्या गावादेखत माघारी फिरायचं. आमच्या मंडळाचा अध्यक्ष माझा पुतण्या, संभा. त्या साली गुलाल आत जाऊ नये म्हणून त्यानं माझ्या टेम्पोतल्या एबी अँपवर ताडपत्री टाकून दोरीनं आवळली. समोरच्या मंडळाच्या टेम्पोवर डी क्लास. थोड्या वेळात आमच्या अँपमधून करपल्याचा वास सुटला.

मिस्त्री टेम्पोवर चढला. "काढ ती! पेट घेतंय!"

"हात लावायचा न्हाई, मिस्त्री. आज इज्जतीचा सवाल हाय."

मिस्त्रीनं त्याला सगळ्यांदेखत हाणलं, दोरी कापली आणि बटन बंद केलं.

समोरून शिट्ट्या उठल्या. आमच्याच पोरांनी मिस्त्रीला पाय धरून खाली ओढला. पाईप, लाथा, झेंड्याच्या काठ्या. संभानं त्याचं डोकं टेम्पोच्या फाळक्यावर आपटलं, पुन्हा आपटलं. मी मध्ये पडलो तर माझे पुढचे दात गेले. मिस्त्री ओरडत होता. तोंड दिसत होतं; समोरच्या बेसात ऐकू काही येत नव्हतं.

कराडला नेताना जीपमध्ये त्यानं डोळे उघडले. "मशीन?"

"जळलं न्हाई."

"मग लाव की रं, गड्या."

दवाखाना येईपर्यंत तो गेला.

घरी धाकट्या भावानं, संभाच्या बापानं, माझे पाय धरले. "आवं दादा, पोरगं हाय आपलं. मिस्त्री टेम्पोवरनं पडला म्हणा."

"मिस्त्रीच्या अंगातनं काय पाणी आलं व्हय रं?" म्हणालो आणि पाय सोडवून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोलीस ठाण्यात गेलो. पहिलं नाव संभाचं सांगितलं. साहेबानं विचारलं, "तुमचा कोण लागतो?"

"पुतण्या," मी म्हणालो. "लिवा."