हुंकारासाठी वळसंगला

“आणखी एक उपदेशाचं पुस्तक आणलंत तर छापणार नाही,” असं पुण्याच्या प्रकाशकांनी तोंडावर सांगितलं आणि मी वळसंगला जायचं ठरवलं. मी मुलांच्या गोष्टी लिहितो. पोट मास्तरकीवर भरतं, पण जीव सगळा गोष्टींत. नवी गोष्ट पोरांना ऐकवायची, तीही फसली तर लिहिणं बंद! माझा बालमित्र मल्लप्पा तिथे किराणा विकतो आणि त्याचं घर पोरांनी भरलेलं.

आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाची बाकं भलती कडक, जाणाऱ्यांनी घोंगडी न्यावीच. सोलापूरहून पुढे मोटार मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही. मल्लप्पाने बैलगाडी धाडली होती म्हणून निभावलं. पोचताच वहिनींनी कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही पुढ्यात ठेवलं. अहाहा! धुळीने भरलेला घसा धन्य झाला.

दिवे लागल्यावर पोरं जमली. मी मास्तरी आवाजात बजावलं, “कोणी तोंड उघडायचं नाही!” बसली बापडी चिडीचूप. मी खूश होऊन हरवलेल्या कोकराची गोष्ट वाचली. मान वर केली तर निम्मी पेंगत होती. माझा चेहराच पडला.

वहिनी हसल्या. “भावजी, हुं म्हनायचं तुमीच बंद केलंत की! हितं गोष्ट ऐकताना हुं म्हनत्यात. हुं थांबला की वळखायचं, पोरं कटाळली.”

“परत सांगा की, मास्तर,” मल्लप्पाची धाकटी गिरिजा म्हणाली.

कागद बाजूला ठेवून तोंडी सुरुवात केली. प्रत्येक वाक्याला हुं! कोकरू बाभळीत अडकलं तेव्हा तर केवढा मोठा! शेवटी त्याला आई भेटली आणि सवयीने मी आज्ञापालनाचं महत्त्व काढलं. हुं बंद.

“आई गावली न्हवं त्याला?” गिरिजा म्हणाली. “मग झालं की!”

“साकु, साकु,” मल्लप्पाने कानडीत ‘पुरे’ म्हणून टाकलं. शेवटची दोन पानं मी तिथेच चुलीत घातली.

पुण्यात प्रकाशकांना म्हटलं, “वाचू नका, ऐका. आणि मधूनमधून हुं म्हणा.” आधी त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग नाइलाजाने एक हुं, मग आपोआप. कोकराला आई भेटली तिथे मी थांबलो.

“हुं. पुढे?”

“पुढे काही नाही.”

चष्मा पुसत ते म्हणाले, “छापू या.”

वळसंगकरांचे उपकार कसे फेडू? पुस्तकाच्या पहिल्या पानावर एवढंच छापून घेतलं: मुलांना शांत बसवू नये.