कलेच्या इतिहासाचे रविवार

माझी धाकटी बहीण बारावीत गेली त्या वर्षी वरोऱ्यात कलेचा इतिहास शिकवणारं कोणी उरलं नाही. तोपर्यंत एक सर होते, तिच्याच कॉलेजातले. अकरावीत त्यांच्या सांगण्यावरून तिनं हा विषय घेतला होता. जूनमध्ये संस्थेनं त्यांना दुसऱ्या गावच्या शाळेत पाठवलं आणि त्यांच्या जागी कोणीच आलं नाही. विषय घेतलेल्या तीन मुली होत्या. दोघींनी आठवड्याभरात समाजशास्त्र घेतलं. माझी बहीण घरी येऊन म्हणाली, "मी नाई बदलत."

तिला चित्रं काढायची नव्हती, चित्रांबद्दल आणि मूर्तींबद्दल शिकायचं होतं. बारावीला हा विषय असला तर नागपूरला पुढे तोच घेऊन शिकता येईल, असं सरांनी तिला सांगून ठेवलं होतं. वडील आदल्याच वर्षी गेले होते. आई अंगणवाडीत मदतनीस होती आणि मी तहसील कार्यालयात कारकून. पालक म्हणून सही करायची ती मीच. वय सव्वीस.

"मास्तर भेटला नाई तर?" मी विचारलं.

"तू शोध न. तुही तर सगळ्या जिल्ह्यात वळख आहे म्हणतं."

मी तसं म्हणत असे, हे खरं. म्हणून शोधायला निघालो.

चंद्रपूरच्या पुस्तकाच्या दुकानात मी गाईड मागितलं, तर दुकानदारानं आतल्या माणसाला हाक मारून विचारलं, "का हो, हा विषय अजून चालू आहे का?" दोघेही हसले. चिमूरला एक चित्रकलेचे शिक्षक भेटले. ते म्हणाले, "वस्तुचित्र सांगा, निसर्गचित्र सांगा, पोरगी पास करून देतो. ते अजंठा-बिजंठा आपल्याच्यानं होत नाई." गडचिरोलीत इतिहासाचे एक प्राध्यापक होते. त्यांचा इतिहास लढायांचा होता. चंद्रपुरातच एक निवृत्त गृहस्थ या विषयावर व्याख्यानं देतात असं कळलं, म्हणून बहिणीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते खूप छान बोलले. पाणी आलं. मग त्यांनी आमचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यानंतर त्यांची तब्येत हल्ली बरी नसते असं आम्हाला कळलं. परतीच्या बसमध्ये बहीण म्हणाली, "दादा, त्याहीच्या घरातला तो बुद्धाचा मुखवटा पाह्यला काय? नाक चुकलं होतं." मला हसू आलं नाही. विषय बदलायची मुदत ऑगस्टअखेर संपत होती, मी तारखा मोजत होतो.

शेवटी त्या चिमूरच्या शिक्षकांनीच निरोप पाठवला. चंद्रपूरहून गडचिरोलीला जाताना मूल हे गाव लागतं, तिथे एक मुसलमान गृहस्थ आहेत, जुन्या देवळांची मोजमापं घेणाऱ्या पथकात नकाशे काढायचं काम करून निवृत्त झालेले, एकदा विचारून पाहा.

त्यांना आम्ही पहिल्या भेटीपासून चाचा म्हणू लागलो. बारीक अंगाचे, सत्तरीकडे झुकलेले, कानामागे पेन्सिल. मी आमची अडचण सांगितली. ते म्हणाले, "मले शिकवता येत नाई, भाऊ. मी मास्तर नोहो. मले मोजता येते."

"नोट्स तरी द्याल?"

"नोट्स कायच्या?" मग ते बहिणीकडे वळले. "बेटा, तू घरून निघाली तवा दाराची उंची किती होती?"

तिनं हात डोक्यावर धरून पाहिला, मग खाली घेतला.

"रोज ज्याच्यातून जातं ते माहीत नाई, अन् सांचीचं तोरण लिहाले निघाली?"

ती लाजली नाही. तिनं विचारलं, "मोजाचं कशानं?" चाचांनी तिच्या तळहाताकडे बोट दाखवलं आणि चाचींनी चहा आणला. मास्तर मिळाला होता. मला मात्र तसं वाटलं नाही.

दर रविवारी सकाळची बस धरायची, चंद्रपूरला बदलायची, मूलला पोचेपर्यंत साडेदहा-अकरा. मी तिच्यासोबत जायचो. पहिले तीन रविवार वहीत एक ओळ लिहिली गेली नाही. चाचा तिला गावातल्या देवळाच्या खांबापाशी नेत, दोरी आणि ओळंबा देत आणि म्हणत, "आधी मोज. मग सुंदर आहे का नाई ते सांगजो." ती वितीनं मोजायची, आकडे सांगायची. चाचा विचारायचे, "वरती बारीक काऊन केला असन?" ती काहीतरी सांगायची. "चूक. पण चांगली चूक आहे, लिहून ठेव." मी सावलीत उभा राहून घड्याळ पाहायचो. माझ्या पिशवीत मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका असायच्या. एकदा मी त्या पुढे केल्या. चाचांनी चष्मा लावून सगळ्या वाचल्या आणि परत दिल्या. "चांगले प्रश्न आहेत. येतीन तिले."

"कधी येतील?"

"तुम्ही बसा न, भाऊ. उभ्यानं तुमचंच डोकं फिरते."

एका रविवारी आम्ही मार्कंड्याला गेलो. वैनगंगेच्या काठची ती देवळं मी लहानपणापासून जत्रेत पाहिलेली, म्हणजे देवळाभोवतीची दुकानं पाहिलेली. त्या दिवशी माझी बहीण एका भिंतीसमोर दोन तास होती. चाचा लांब बसून बिडी ओढत होते. ती आली आणि म्हणाली, "चाचा, खालच्या रांगेतल्या मूर्ती अन् वरच्या रांगेतल्या एकाच माणसानं नाई केल्या. खालच्याचा हात घाईचा आहे." चाचांनी बिडी विझवली. त्या भिंतीवर त्यांनी स्वतः आठ महिने काम केलं होतं. "हे मी साहेबाले सांगितलं होतं," ते म्हणाले, "तर तो म्हणे, तू नकाशा काढ." दोघं हसत सुटले. कशाला हसत होते ते मला कळलं नाही. इथे खरं लिहायचं म्हणून लिहितो, मला त्या क्षणी दोघांचाही राग आला.

आता मी लिहिलेल्या एका अर्जाकडे येतो.

आमच्या कचेरीत एक रीत होती. माणूस एका गोष्टीसाठी अर्ज घेऊन आला की आम्ही त्याच्याकडून दुसराही एक लिहून घ्यायचो, उलटा. जमीन नावावर करायची असेल तर हरकत मागे घेतल्याचा, बदली हवी असेल तर नको असल्याचा. तो फायलीत खाली दाबून ठेवायचा. वेळ आली तर कामी येतो. मला ती हुशारी वाटायची. ऑगस्टमध्येच, चाचा भेटायच्या आधी, मी बहिणीच्या नावानं विषय बदलाचा अर्ज लिहिला, पालक म्हणून सही केली आणि कॉलेजच्या बाबूकडे दिला. तो आमच्याच आळीतला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. "आत्ता नोंदवू नको," मी म्हटलं, "दाबून ठेव." त्यानं टेबलाच्या खणात ठेवला. बोर्डाच्या फॉर्मवर मुली नुसती सही करायच्या, विषयांचे रकाने बाबूच भरायचा.

चाचा भेटल्यावर तो अर्ज फाडायला हवा होता. दर सोमवारी मी ठरवायचो, आज कॉलेजवरून जाऊ. रविवार चांगला गेलेला असला की वाटायचं, घाई काय आहे. वाईट गेलेला असला की वाटायचं, असू दे.

नोव्हेंबरमध्ये मी तिला घरी एक प्रश्न सोडवायला दिला. सांचीच्या स्तूपाचं रसग्रहण करा. तिनं अर्ध्या पानावर आकृती काढली, मापं टाकली आणि खाली चार ओळी लिहिल्या. मी म्हटलं, "एवढंच?" ती म्हणाली, "एवढंच दिसते न चित्रातून. बाकी सांचीले गेल्यावर सांगीन."

त्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर बाबू भेटला. "भाऊ, उद्या फॉर्म जाऊन राह्यले बोर्डाले. तुह्या बहिणीचं काय करू? तो कागद अजून खणात आहे."

मी कप खाली ठेवला. टपरीवाल्याचा रेडिओ चालू होता. मी म्हटलं, "पाठव."

"समाजशास्त्र?"

"हो."

भीती होती, ती नापास होईल याची. पण नुसती भीती नव्हती. मी रविवारांना कंटाळलो होतो. आणि तिला जे दिसत होतं ते मला दिसत नव्हतं, याचाही मला कंटाळा आला होता. त्यानंतरही मी तिला दर रविवारी मूलला नेत राहिलो. तीन महिने. ती चाचांसमोर अजंठ्याच्या रंगांबद्दल बोलायची, मी खारी चहात बुडवत बसायचो आणि मला सगळं माहीत होतं.

फेब्रुवारीत प्रवेशपत्र आलं. तिनं ते दोनदा वाचलं. मग चप्पल न घालता कॉलेजकडे निघाली, मागे आई, आईमागे मी. आई सगळ्या मुलींसमोर बाबूला जे बोलायचं ते बोलली. कामचोर म्हणाली, माझ्या लेकीचा गळा कापला म्हणाली. बाबूनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, जेमतेम एक श्वास. मग मान खाली घालून म्हणाला, "माह्याच हातून झालं असन, बाई. गर्दीत रकाना चुकला असन."

मी आईला दंडाला धरून बाहेर आणलं.

तिनं वीस दिवस समाजशास्त्राचं गाईड पाठ केलं आणि पास झाली. नागपूरला तो विषय मिळाला नाही. वरोऱ्यातच बी.ए. केलं, डी.एड. केलं, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. परीक्षा संपल्यावर ती एकटीच मूलला जाऊन आली होती. चाचांनी काय म्हटलं, असं मी विचारलं. "म्हणे, परीक्षा गेली तर बरं झालं, आता आरामात शिकू." ती पुढे पाच वर्षं जात राहिली, चाचा होते तोवर. मला तिनं सोबत बोलावलं नाही, मीही विचारलं नाही. बाबू रस्त्यात दिसला की मात्र ती तोंड फिरवायची. लग्न झाल्यावरही, माहेरी आली की. आई जाईपर्यंत त्याला शिव्या देत होती.

यंदा दिवाळीला ती आली तेव्हा दुपारी वांगी चिरत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. खण, टपरी, सगळं. सांगताना मी दोनदा उठलो, दोनदा बसलो.

विळी थांबली. "पाठव, असं तू म्हटलं?"

"हो."

"अन् बाबूले ठाऊक होतं?"

"हो. त्यानं कधी सांगितलं नाही."

"आईनं त्याले किती बोललं होतं, दादा."

"हो."

आता ती स्वतःबद्दल बोलेल, म्हणून मी वाट पाहत होतो. पंचवीस वर्षं मी त्या बोलण्याची उत्तरं तयार करत आलो आहे. तिनं हात धुतले, पदराला पुसले. "कुठी राह्यते तो आता?"

"रेल्वे फाटकाच्या पलीकडे. लेकाकडे. चाल, मी येतो संगं."

"तू नको येऊ."

ती गेली तेव्हा चार वाजले होते. मी ओट्यावर बसलो, मग फाटकापर्यंत जाऊन परत आलो, मग उरलेली वांगी चिरायला घेतली. सहा वाजले तरी ती आली नव्हती.