दहीपळसाला आवतण

मला दहीपळसाची मूठभर कोवळी पानं हवी होती. पानाला हिरवं ठेवणारे जे कण असतात, हरितलवकं, त्यांचा जिनोम वाचायचा होता. झाड दुर्मीळ झालंय. रक्तदाबावर चालतं म्हणून लोक साल सोलून नेतात आणि झाडं उभ्या उभ्या वाळतात. मला ठाऊक असलेलं एकच झाड जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका म्हातारीच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, होतं. बुलढाण्याहून सकाळची एसटी धरून पोचले, तर त्या मावशी म्हणाल्या, "पानं उद्या तोडजा. आज त्याले आवतन द्या लागते."

औषधी झाडाला आदल्या दिवशी तांदूळ-सुपारी ठेवून आवतण द्यायचं, कुणाच्या दुखण्यासाठी नेतोय ते नाव घेऊन सांगायचं, अशी तिकडची रीत. म्हणजे माझा मुक्काम वाढला, वर कॉलेजात रजेसाठी तोंड वेंगाडणं आलं. मी चिडलेच. त्यात खोडाची साल हात पोचेल तिथवर सोललेली, एका बाजूला पट्टी तेवढी शिल्लक.

"एवढं सोलू कशाला दिलंत, मावशी?"

"दुखनाईताचं नाव घेऊन आला त्याले नाई म्हनता येत नाई, बाई. माह्याआंधी हे झाड मरू नये बस."

मग अक्षता माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "कोनाचं दुखनं हाय, सांगा."

"ह्याचंच," मी वैतागून म्हटलं. "झाडच आजारी आहे."

मावशींनी झाडाकडे तोंड करून तेच मोठ्यानं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी पानं पिशवीत भरत होते, तेवढ्यात त्यांचा सख्खा भाऊ बायकोसाठी साल न्यायला आला. मावशी आडव्या उभ्या राहिल्या. "आता हेच दुखन्यात हाय, दादा. याची साल नाई काढू देत."

त्याला आधी थट्टा वाटली. मग चहाला हात न लावता तो निघून गेला.

"वहिनींना दवाखान्यात न्या म्हणावं, गोळ्या मिळतात," मी म्हटलं.

"सांगतो मी," मावशी म्हणाल्या. "पन तो आता आयकते थोडीच."

जिनोम पुरा वाचून झाला, तेव्हा मी ते सांगायला गेले. झाड त्या पट्टीच्या जोरावर हिरवंगार उभं होतं, मला फार बरं वाटलं. दिवाळी नुकतीच झाली होती, म्हणून सहज विचारलं, "भाऊबीज कशी झाली, मावशी?"

"मी ताट करून बसली होती," त्या म्हणाल्या. "तो नाई आला."